चोळण्याआधी बोट ठेवून पाहा



इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली. आपण जिथून कुठून हे ऐकत असाल, तिथे रविवारी पहाटे रस्त्यावर पळणारी माणसं आपण पाहिली असतील. कदाचित आपण त्यांच्यातलेच असाल. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि त्यानंतर बहुतेक मोठ्या शहरांत अशा शर्यती होऊ लागल्या. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा पळायचे बूट घेतलेली माणसं मला प्रत्येक शहरात भेटतात. फार चांगली गोष्ट आहे. पण पळणं आलं की दुखणंही येतं, आणि दुखणं आलं की आपल्या घरातला पहिला उपाय ठरलेला असतो: तेल कोमट करा आणि चोळा.

आज या चोळण्याबद्दलच बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. मी पायदळात नोकरी केली, आणि पायदळात तरुण मुलांचे पाय धड ठेवणं हा अधिकाऱ्याच्या कामाचाच भाग असतो. माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगून टाकतो. मालिश वेदना कमी करते. दुखावलेला भाग मजबूत होतो तो मात्र मोजून दिलेल्या भारामुळे. ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांची गल्लत झाली की नुकसान होतं, आणि कधी कधी ते फार मोठं असतं.

एक चित्र सांगतो. ते कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात दिसतं. रंगरूट अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. गावाकडे भरतीसाठी १६०० मीटर पळण्याचा सराव करून आलेला. इथे आल्यावर पळणं, कडक बूट घालून कदमताल, पाठीवर वजन घेऊन चालणं, सगळं एकदम सुरू होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याची नडगी दुखू लागते. तो एमआय रूममध्ये जात नाही. कारण डॉक्टरांनी लाइट ड्यूटी दिली की परेड बुडणार, आणि फार बुडली तर आपल्याला मागच्या तुकडीत टाकणार, ही धास्ती. बरोबरची मुलं कसम परेड करून पलटणीत जाणार आणि आपण इथेच. घरी आईवडिलांना काय सांगायचं?

मग रात्री शेजारच्या खाटेवरचा मित्र मोहरीचं तेल घेऊन त्याची नडगी चोळून देतो. मुलाला बरं वाटतं, झोप लागते. सकाळी तो पुन्हा पळतो. असं आठ-दहा दिवस चालतं, आणि मग एके दिवशी पाय टेकवत नाही. तपासणीत हाडाला चीर सापडते. जे काम थोड्या आठवड्यांच्या विश्रांतीत भागलं असतं, ते आता महिन्यांवर जातं.

यात मित्राची माया खोटी नव्हती आणि तेलही वाईट नव्हतं. मालिशीनं तिचं काम चोख केलं, वेदना कमी केली. पण ती वेदना म्हणजे पहाऱ्यावरचा संत्री होता. तो ओरडत होता, आणि त्यालाच झोपवलं गेलं.

या दुखण्याचा इतिहास सैन्याशीच जोडलेला आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचं वर्णन केलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. त्यानंतर १८९७ मध्ये कळलं की त्या सुजेच्या आत हाड चिरलेलं असतं. आज याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडण्या-आपटण्याची गरज नसते. हाड नव्या भाराशी जुळवून घेताना आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. काढणं लवकर होतं, भरायला वेळ लागतो. मधल्या आठवड्यांत हाड थोडं कमजोर असतं, आणि नेमका त्याच वेळी भार वाढत गेला तर ते चिरतं. आणखी एक अडचण अशी, की पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये ती दिसते. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे, आता चोळायला हरकत नाही' हा निष्कर्ष काढू नका.

मग घरच्या घरी काय पाहायचं? नडगी दुखत असेल तर तेलाची बाटली उघडण्याआधी हाडाच्या आतल्या कडेवरून एक बोट सावकाश वरपासून खालपर्यंत फिरवा. दुखणं वीतभर लांबीत पसरलेलं आहे, ते दाखवायला अख्खा तळवा लागतो, तर बहुधा ती नडगीवरच्या ताणाची तक्रार असते. पळणाऱ्यांत ती फार आढळते आणि पळणं कमी केल्यावर आटोक्यात येते. पण दुखणं एका बोटाच्या टोकाखाली मावतंय, तिथेच दाबल्यावर जीव कळवळतो, रात्री पडल्या पडल्याही ठणकतं, असं असेल तर चोळायचं नाही, पळायचं नाही, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं. एका पायावर उड्या मारून खात्री करायचा मोहही टाळा. पळणाऱ्या माणसाची जांघ खोलवर दुखत असेल आणि वजन टाकल्यावर वाढत असेल, तर मात्र बोटाचीही वाट पाहू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असू शकते. ती सरकली तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

बोट की तळवा, एवढं लक्षात राहिलं तरी आजच्या बोलण्याचं सार्थक झालं.

आता मालिशीची बाजू घेऊन बोलतो, कारण ती मला आवडते आणि तिची बदनामी करायला मी इथे आलेलो नाही. मालिशीनं खरोखर काय होतं? २०२० साली यावरच्या २९ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हजाराहून थोडी अधिक माणसं होती. निष्कर्ष असा: मालिशीनं वेग, ताकद, दम यांत फरक पडल्याचा पुरावा नाही. लवचिकता मात्र थोडी वाढते, आणि कष्टानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं ते थोडं कमी होतं. 'थोडं' हा शब्द मी जपून वापरतो आहे. त्याखेरीज झोप चांगली लागते, मन सैलावतं, आणि कोणीतरी आपल्या दुखण्याला हात लावला याचंही माणसाला बरं वाटतं. हे कमी नाही.

पण 'मालिशीनं लॅक्टिक अॅसिड निघून जातं' हे मालिशवाल्यापासून जिमच्या प्रशिक्षकापर्यंत सगळे सांगतात, ते खरं नाही. पळणं थांबवल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट आपोआप पूर्वपदावर येतं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते स्नायूंच्या बारीक तंतूंना झालेल्या इजेमुळे आणि शरीराच्या दुरुस्तीच्या कामामुळे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाला मालिश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे नमुने तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. दाह वाढवणारे संकेत मात्र मालिश केलेल्या पायात कमी होते. अभ्यास लहान आहे, पण दिशा दाखवतो.

तेल कोणतं, हाही प्रश्न हमखास येतो. उत्तरेत मोहरीचं, केरळात खोबरेल, आपल्याकडे तिळाचं. जे सोसतं आणि अंगाला खाज आणत नाही ते वापरा. हात नीट सरकावा हे तेलाचं मुख्य काम.

आता मालिश कुठे करायची नाही, ते नीट ऐका. शक्य असेल तर लिहून घ्या.

पहिलं, ताजी दुखापत. पोटरीत किंवा मांडीत काहीतरी तटकन तुटल्यासारखं वाटलं, घोटा मुरगळून सुजला, तर पहिले दोन-तीन दिवस त्या जागी चोळायचं नाही. आत रक्तस्राव होत असतो, चोळून तो वाढतो.

दुसरं, मुलाचं कोपर. मूल झाडावरून किंवा सायकलवरून पडतं, कोपर सुजतं, आणि घरचे त्याला हाडवैद्याकडे नेऊन जोरात चोळून घेतात. आपल्या देशात हे आजही घडतं. दुखावलेल्या कोपराला अशी मालिश केली तर स्नायूत चक्क हाड तयार होऊ शकतं आणि सांधा कायमचा आखडतो. सैन्यात जायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलाचा हात पूर्ण सरळ होत नसेल, तर वैद्यकीय चाचणीतच ते स्वप्न संपतं. मांडीला जोरदार मुका मार बसला असेल, तर तिथेही हीच भीती असते.

तिसरं, एकाच पायाची पोटरी. मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, पाय प्लास्टरमध्ये होता, किंवा चोवीस तासांचा रेल्वेप्रवास करून आलात, आणि एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते. ही शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. फार उंचीवरच्या ठाण्यांवर दीर्घ काळ राहणाऱ्या जवानांत अशा गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून सुट्टीवर घरी आलेल्या फौजी मुलाच्या आईनं तर हे जरूर लक्षात ठेवावं. तेल बाजूला ठेवायचं आणि थेट रुग्णालय गाठायचं.

चौथं, उन्हात अतिश्रम झाल्यावर स्नायू कडक सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. याला मालिश नाही, तातडीचा उपचार लागतो.

पाचवं, ताप असताना, जखमेवर, लाल गरम झालेल्या त्वचेवर मालिश नको. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल दाबाची मालिश नको.

आपल्या परंपरेला हा विवेक ठाऊक नव्हता असं समजू नका. अष्टांगहृदयात अभ्यंगाचे गुण सांगितले आहेत, आणि लगेच तो कोणी करू नये हेही सांगितलं आहे. अजीर्ण झालेल्या माणसाला तिथे अभ्यंग वर्ज्य आहे. कोल्हापूरच्या तालमीत मालिश होते, पण ती जोर-बैठका, लाल माती, खुराक आणि झोप यांच्या जोडीनं. नुसती मालिश करून कोणी पैलवान झाला नाही. केरळात कळरीपयट्टू शिकवणारे गुरुक्कल पावसाळ्यात शिष्यांची तेलमालिश करतात, वर बांधलेल्या दोराला धरून पायानं दाब देतात. पण तीही सरावाच्या शिस्तीचाच भाग असते. तालमीत शिकवणाऱ्याला आपण वस्ताद म्हणतो, सैन्यात रंगरूट आपल्या प्रशिक्षकाला उस्ताद म्हणतात. शब्द एकच आहे. मालिश करणाऱ्याची लायकीही मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: 'आज इथे हात लावणार नाही, आधी दाखवून या' असं त्याला म्हणता येतं का?

आता मजबुतीकडे येऊ. १९७८ साली अमेरिकेतल्या गेब मर्किन या डॉक्टरांनी दुखापतीवर चार शब्दांचा मंत्र दिला: विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं. जगभर तो पाठ झाला. २०१४ साली त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणं उलट लांबू शकतं. वेदनेसाठी थोडा वेळ बर्फ ठीक, पण पहिले काही दिवस सांभाळल्यावर दुखावलेल्या भागाला हळूहळू कामाला लावायचं, असं आता सांगितलं जातं.

याचं माझं आवडतं उदाहरण टाचेच्या मागच्या जाड शिरेचं, म्हणजे अकिलीस टेंडनचं. ती जुनाट दुखू लागली की लोक वर्षानुवर्षं चोळत बसतात. १९९८ साली स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ हौशी धावपटूंना एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, अशा तीन फेऱ्या. मग गुडघा थोडा वाकवून तितक्याच. हे दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. थोडं दुखलं तरी चालू ठेवायचं, सोपं वाटू लागलं की पाठीवर वजन घ्यायचं. बारा आठवड्यांनी पंधराही जण पूर्वीसारखे पळू लागले. दोन गोष्टी मात्र सांभाळा. शीर टाचेच्या हाडाला चिकटते नेमकं तिथेच दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. आणि सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा, कारण आपल्या वयाला १८० हा आकडा पहिल्या दिवसाचा नसतो.

मग मालिशीची जागा कोणती? या व्यायामाच्या आधी किंवा संध्याकाळी. आखडलेली पोटरी पाच-दहा मिनिटं हलक्या हातानं मोकळी केली तर व्यायाम बरा होतो. महागडं यंत्र लागत नाही. खुर्चीवर बसून स्वयंपाकघरातलं लाटणं पोटरीवर खालून वर फिरवा, नडगीच्या हाडावर मात्र नको. तळपायाखाली गार पाण्याची बाटली घेऊन फिरवा. दाब किती? वेदनेला दहापैकी गुण द्यायचे तर चार-पाचच्या वर नको. 'ओरडायला लावलं म्हणजे मालिश चांगली झाली' हा हिशेब चुकीचा आहे. मालिशीनं सैल वाटणारा अर्धा-पाऊण तास खुर्चीवर घालवू नका, तेवढ्यात ताकदीचा व्यायाम उरकून घ्या. शर्यत संपल्यावर मांडवात पाय चोळून देतात तिथेही सांगा, हात हलका ठेवा. पाय तेव्हा आतून दुखावलेलेच असतात.

दुखापत होऊच नये यासाठीही मालिशीपेक्षा सरावच अधिक उपयोगी पडतो. फुटबॉलसाठी फिफानं सुमारे वीस मिनिटांचा सराव-संच तयार केला आहे: पळणं, ताकद, तोल, उड्या मारून नीट उतरणं. नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर त्याचा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. संच करणाऱ्या मुलींना दुखापतींचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी दिसला, गंभीर दुखापतींचा त्याहून जास्त. गुडघ्यांवर बसून, कोणाला तरी घोटे धरायला सांगून, शरीर सरळ ठेवत सावकाश पुढे झुकायचं, या एका व्यायामानं खेळाडूंच्या मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्याचं मोठ्या आढाव्यातून दिसलं आहे. तुमची नात-नातू शाळेत फुटबॉल किंवा खो-खो खेळत असतील, तर त्यांच्या शिक्षकांना विचारा की खेळाआधी असं काही करून घेता का.

पळणाऱ्यांसाठी माझे नियम साधे आहेत. गेल्या महिन्यातल्या सर्वांत लांब पळण्यापेक्षा एकदम फार लांब जाऊ नका. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. आठवड्यातून दोनदा पाय आणि कंबर यांचा ताकदीचा व्यायाम. आणि रात्रीची झोप, कारण दुरुस्तीचं बरंचसं काम तेव्हाच होतं.

सैन्यातला एक माणूस या विषयात मला नेहमी आठवतो. मुरलीकांत पेटकर. मुष्टियुद्ध खेळणारा जवान, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. उपचाराचा भाग म्हणून पोहणं सुरू केलं, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांच्या शरीराची कोणी सेवा केली नसेल असं नाही. पण पदकापर्यंत त्यांना नेलं ते रोज पाण्यात मारलेल्या हातांनी.

आपल्यापैकी बहुतेकांना पदक नको आहे. नातवंडांमागे पळता यावं, जिना चढता यावा, जमलं तर जानेवारीत एकदा दहा किलोमीटर पळावं, एवढीच इच्छा. ती पुरी होण्यासारखी आहे. घरात कोणी 'पाय दुखतोय' म्हणालं तर तेलाची बाटली जरूर काढा, पण उघडण्याआधी विचारा: कधीपासून, कशानं, आणि नेमकं कुठे? बोट ठेवून दाखव. आणि लष्करात किंवा पोलिसांत प्रशिक्षण घेणारं एखादं मूल फोनवर हसत हसत म्हणालं, 'काही नाही, नडगी जरा दुखते, मित्र चोळून देतो', तर त्याला शाबासकी देऊन फोन ठेवू नका. उद्या सकाळी डॉक्टरांना दाखव, असं सांगा. एका परेडला मुकणं परवडतं.

 जय हिंद.